घरची भट्टी, आठ फूट पाणी आणि आता बाजारपेठेतला गाळा : घेऊ का?

भट्टीवाली
४ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.१०

इथे पाच वर्षं नुसती वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदा धागा काढतेय, तोही स्वार्थानं. चिपळूणच्या बाजारपेठेत एक गाळा भाड्यानं मिळतोय. बारा बाय दहाचा, भाडं ८,०००, अनामत ६०,०००. नानकटाई आणि नाचणीच्या बिस्किटांचं दुकान काढावं असं मनात आहे. घरात माणसं चार आणि मतं पाच. मागचं सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट सल्ला देता येणार नाही, म्हणून थोडं लांबेल. जेवून बसा.

सुरुवात कुकरमधून झाली. २०१६ साली मुलीनं शाळेत परस्पर सांगून ठेवलं की वाढदिवसाचा केक माझी आई करणार. झालं. पाच लिटरचा कुकर, तळाला वाटीभर जाडं मीठ, त्यावर जाळी, रिंग आणि शिट्टी काढलेली. पहिला केक मधोमध बसला, कारण धीर न धरवून अर्ध्यातच झाकण उघडलं. दुसरा बरा झाला. तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईनं पुढच्या आठवड्यात तसाच मागितला आणि १२० रुपये हातावर ठेवले. मी नको नको करत होते. सासूबाई आतून ओरडल्या, "घे गो, मैदा काय फुकट आला?"

२०१८ ला भिशी लागली, त्यातून २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आला. तो आला आणि सासूबाईंची नानकटाई बाहेर पडली. त्यांच्या लहानपणी दिवाळीच्या आधी घरोघरच्या बायका तूप, पिठीसाखर, रवा, मैदा डब्यात भरून बेकरीत घेऊन जायच्या. भट्टीवाला किलोमागे भाजणावळ घ्यायचा. डब्यावर नावाची चिठ्ठी. तरी कुणाची नानकटाई कुणाच्या डब्यात गेली यावरून भांडणं ठरलेली, आणि ज्याची करपली त्याची वेगळीच. त्यांचं सगळं कसब तूप फेसण्यात. परातीत तळहातानं फेसत राहायचं, पांढरंशुभ्र झालं की चिमूटभर वाटीतल्या पाण्यात टाकायचं. तरंगलं तर झालं. बुडालं की परत हात चालवा. मी आज मशीनवर फेसते, पण पाण्याची वाटी अजून बाजूला असते.

तेव्हा मात्र नानकटाईकडे मी लक्ष दिलं नाही. मला केक करायचे होते, फोटोत दिसणारे. आणि मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, आमच्याकडच्या बेकऱ्या बंद. वाढदिवस काही थांबत नाहीत. दिवसाला तीन-चार केक जायला लागले. चॉकलेट ट्रफल, पायनॅपल, वर खाण्याच्या कागदावरचा फोटो. डोकं फिरलं माझं. डीप फ्रीझर हप्त्यानं घेतला, पाच लिटरचा प्लॅनेटरी मिक्सर घेतला. वही नव्हती. बरणीत पैसे पडत होते म्हणजे धंदा चाललाय, एवढाच हिशोब.

मग २२ जुलै २०२१. आदल्या रात्रभर कोसळत होता, पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही गावात. आम्ही २००५ चा पूर पाहिलेली माणसं, म्हणजे शहाणी. तेव्हा घरात गुडघाभर आलं होतं, या वेळी कमरेपर्यंत धरू, असं म्हणून मैद्याचं पोतं ओट्यावर ठेवलं आणि मिक्सर फळीवर. आमच्या गल्लीत आठ फूट आलं. आम्ही शेजारच्या माडीवर. डीप फ्रीझर तरंगतो हे मला ठाऊक नव्हतं. तो तरंगत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवा अडकला आणि पाणी उतरल्यावर दार उघडेना. चिखल काढायला नऊ दिवस गेले. मैद्याचं पोतं बाहेरून लगदा होऊन कडक झालेलं, फोडलं तर आतला दोनेक किलो मैदा कोरडा ठणठणीत. सगळं जाताना रडले नव्हते, तो मैदा बघून रडले. टाकला अर्थातच.

पंचनामा करणाऱ्यांनी विचारलं, धंद्याची काही नोंद आहे का? नव्हती. ओव्हन, मिक्सर, फ्रीझर सगळं घरगुती सामानात गेलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. वर्षाला १०० रुपये भरून अन्नसुरक्षेची नोंदणी होत होती, उद्यमची तर फुकट होती. पाच वर्षं मी "घरचं तर आहे" म्हणत बसले. फ्रीझरचे सात हप्ते बाकी होते, ते मात्र घरगुती नव्हते.

दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला. आमचे हे एसटीत कंडक्टर. पगार बंद. तो संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. घरात एक बाई जिचा ओव्हन गेलाय आणि एक पुरुष ज्याची गाडी बंद आहे. नणंदेनं तिचा जुना ओटीजी दिला. केकचं सामान नव्हतं, क्रीम ठेवायला फ्रीझर नव्हता, म्हणून नानकटाई. बिनफ्रीजचा माल एवढाच त्यामागचा विचार. कुणाला यात दूरदृष्टी दिसली तर ती माझी नाही.

आणि ह्यांना काम नव्हतं, म्हणून ते हिशोबाला बसले. कंडक्टरला रोज वेबिल भरायची सवय. कुठल्या टप्प्याला किती तिकिटं, शेवटी रोकड जुळलीच पाहिजे. त्यांनी शाळेच्या वहीवर नानकटाईचं वेबिल आखलं. एका किलोचं असं निघालं: तूप १५४, मैदा १२, बेसन ७, रवा ३, साखर १३, वेलची १०, खोका १८, वीज १२, मोडतोड १०. एकूण २३९. पोचवायला पेट्रोल १०. मी विकत होते २८० ला. राहिले ३१. आणि लहान ओटीजीत एका वेळी एकच ट्रे, किलोला तीन ट्रे, मळणं-वळणं-भरणं धरून अडीच तास. "तुला ताशी बारा रुपये पडतात," हे म्हणाले, "आमच्याकडे हमालसुद्धा उभा राहणार नाही." दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी भाव ३६० केला. निम्मी गिऱ्हाइकं गेली. उरलेल्या निम्म्यांत पहिल्यापेक्षा जास्त सुटायला लागले. हे गणित मला अजून पूर्ण पचलेलं नाही.

२०२२ च्या गणपतीत खरी वाट सापडली. चाकरमानी येतात तेव्हा मोदक घरोघरी असतात, तिथे आपलं काय काम? पण परत जाताना त्यांना मुंबईला न्यायला काहीतरी गावचं हवं असतं. आंबा-फणसाचा मोसम गेलेला. नाचणीची बिस्किटं तिथे बसली. दादरच्या एका दुकानदारानं साठ पुड्यांची मागणी दिली. पंधरा दिवसांत साठच्या साठ परत. सादळलेली. बिस्किट वाकत होतं. कारणं दोन. घाईत कोमट असतानाच पुड्या बंद केल्या, आणि नाचणीत गूळ घातला होता, जो पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतो. आता पावसाळ्यात गूळ कमी करून निम्मी साखर, भाजल्यावर जाळीवर पूर्ण गार, मग शेवटची दहा मिनिटं मंद आचेवर परत सुकवायची, आणि आत चंदेरी थर असलेली पिशवी. यंदाच्या पावसाळ्यात एकही पुडा परत नाही.

२०२३ ला केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून गॅसचा डेक ओव्हन, बेकरीत असतो तसा मोठा, घेतला. एकूण प्रकल्प २,४०,००० चा, त्यावर ३५ टक्के अनुदान. पहिल्या बँकेनं नाही म्हटलं, दुसरीनं वेबिलं बघून हो म्हटलं. ओव्हन नणंदेच्या घरी, डोंगराच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. वर चढवताना सहा जणांनी शिव्या दिल्या. दोन बायका कामाला आहेत. महिन्याची विक्री सरासरी ९०,०००. ह्यांची गाडी परत सुरू झाली, पण वेबिल अजून तेच भरतात.

तर गाळा. भाडं एवढं कमी का, हे चिपळूणकरांना सांगायला नको. घ्यावा का?

लोकल_८_१२
५ ऑक्टोबर, सकाळी ७.५२

ताई, गाडीतून लिहितेय, चुका पोटात घाला. मी डोंबिवलीत सात वर्षं केक केले, दोन वर्षांपूर्वी बंद केले. तुमचा ताशी बारा रुपयांचा आकडा वाचून हसू आलं, माझा बहुतेक उणे असेल. परदेशी केकचा फोटो पाठवायचा, "सेम हवा, बजेट ५००". मग चाळीस निरोप. रंग जरा फिका करा, नाव देवनागरीत करा, बाहुलीचे डोळे मोठे करा. पावसाळ्यात फाँडंटला (केकवरच्या साखरेच्या लगद्याला) घाम फुटतो, नेता नेता बाहुली रडायला लागते. आणि घरपोच ॲपवर गेले तर त्यांची टक्केवारी कापून उरतं ते पुठ्ठ्याच्या खोक्याचे पैसे.

तुम्ही केक सोडले ही पुराची कृपा म्हणणार नाही, वाईट दिसेल. पण परत त्या वाटेला जाऊ नका. दुकान काढलंत की गिऱ्हाईक पहिल्या दिवशी विचारणार, "केक नाही ठेवत?"

संकासूर
५ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

लेखन छान आहे, डोळे पाणावले वगैरे लोक लिहितीलच. माझे दोन रोकडे प्रश्न.

एक, नाचणीच्या बिस्किटात नाचणी किती? २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष झाल्यापासून जो तो पुड्यावर नाचणीचं कणीस छापतो, आणि मागे बारीक अक्षरात नाचणीपीठ १० टक्के, बाकी मैदा.

दोन, अनुदान नसतं तर हा धंदा उभा राहिला असता का?

भट्टीवाली
५ ऑक्टोबर, दुपारी २.१५

@लोकल_८_१२, केकचं विचारतातच. मी नाही म्हणते. फक्त नणंदेच्या मुलाचा करते, कारण ओव्हन त्यांच्या घरात आहे.

@संकासूर, नाचणी ६० टक्के, कणीक ४०. मैदा नाही. शंभर टक्के करून बघितली होती. नाचणीला चिकटपणा नाही, लाटताना चिरा पडतात आणि पुडा उघडेपर्यंत आत भुगा. पीठ आधी कोरडंच खमंग भाजून घेते, नाहीतर कच्चट वास राहतो. पुड्यावर ६० असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. मधुमेहवाल्यांना चालेल का म्हणून विचारतात, त्यांना सरळ सांगते, साखर आहे, तूप आहे, डॉक्टरला विचारा.

अनुदानाचं: ते हातात मिळत नाही. कर्जखात्याला बाजूला पडून राहतं, तीन वर्षं खातं नीट चालवलं तर वळतं होतं. म्हणजे मी अजून पूर्ण हप्ताच भरतेय. ते नसतं तर ओव्हन सेकंडहँड घेतला असता आणि दीड वर्ष उशिरा घेतला असता. नानकटाई तीच असती.

उंडो
५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४०

म्हापश्याहून. दुकान कशाला हवं? आमच्या गोव्यातल्या पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, दुकान नसतं. सायकल, मागे टोपलीत गरम पोय नि उंडे (आमच्याकडचे पाव), वर प्लास्टिकचा कागद, आणि हातात भोंपू. सकाळ-संध्याकाळ आवाज आला की माणसं पैसे घेऊन दारात. पूर्वी पिठाला माडाची सूर (नारळाच्या झाडाची ताडी) घालून आंबवायचे, आता यीस्ट आहे, पण दारात येणं तेच. अर्थात, आता पोदेराची मुलं भट्टीवर यायला तयार नाहीत आणि बऱ्याच भट्ट्या दुसऱ्यांनी चालवायला घेतल्यात, हेही खरं.

तुमचं गिऱ्हाईक तर वर्षातून दोनदा मुंबईहून येतं. ते बाजारपेठेत फिरतं का? की एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनवर सापडतं?

खारीटोस्ट
५ ऑक्टोबर, रात्री ११.५५

वाखु (वाचनखूण) साठवली. आमची तीन पिढ्यांची बेकरी, इचलकरंजीकडे. म्हणून जरा जास्त बोलतो.

तुमच्या सासूबाई जी भट्टी सांगतायत ती विटांच्या घुमटाची. रात्री लाकडं घालून तापवायची, निखारे ओढून काढायचे, फरशी ओल्या गोणपाटानं पुसायची. आजोबा आत मूठभर मैदा फेकायचे. लगेच काळा पडला तर थांबा, तपकिरी व्हायला लागला तर पाव घाला. सगळा खेळ उतरत्या भट्टीचा. सगळ्यात कडक आचेवर पाव, मग खारी, मग बिस्किटं-नानकटाई, आणि पहाटे सगळ्यात मंद आचेवर टोस्ट सुकत राहायचा. एका लाकडात चार माल. नानकटाई चढत्या आचेवर फाटते, उतरत्या आचेवर फुलते, असं आजोबा म्हणायचे. तुमच्या डेक ओव्हनमध्ये आच एकसारखी राहते, म्हणून १७० ला घालून पाच मिनिटांनी १५० वर आणून बघा. वरच्या भेगा बारीक आणि सारख्या येतील.

आमची भट्टी आता डिझेलवर आहे. मुंबईत तर उच्च न्यायालयानं यंदा जानेवारीत लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. धुराच्या बाजूनं ते बरोबरच आहे. मी त्या धुरात वाढलोय, वडिलांचा खोकला ऐकत. पण विटांची भट्टी मोडून गॅसची घेणं म्हणजे नुसतं बर्नर बदलणं नसतं. त्या घुमटाच्या हिशोबानं पीठ मळणारा कारागीर पुन्हा शिकवावा लागतो. आम्ही भट्टी बदलली त्या वर्षी आमचे दोन कारागीर गावी गेले ते परत आले नाहीत. २०१६ ला पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी आली तेव्हाही असंच झालं होतं. वडील वापरायचे, सगळेच वापरायचे, पाव फुगायचा. बंदीनंतर तीन महिने आमची लादी चपटी. गिऱ्हाईक म्हणायचं, तुमचा हात बिघडला. शेवटी पिठाला जास्त वेळ दिला, रात्री दहाऐवजी आठला मळायला लागलो, आणि गाडी रुळावर आली.

आता गाळ्याचं. दुकान म्हणजे उरलेला माल. घरून मागणीवर करता तेव्हा उरतं किती? बहुतेक शून्य. दुकानात बरणी भरलेली दिसली पाहिजे, अर्धी बरणी बघून गिऱ्हाईक शिळं समजतं. आमच्याकडे उरलेल्या पावाचा टोस्ट होतो, टोस्टाच्या चुऱ्याचा रस्क-भुगा कटलेटवाले नेतात. तुमच्या उरलेल्या नानकटाईचं काय होणार? ते ठरवा, मग गाळा.

एडिसनकर
६ ऑक्टोबर, पहाटे ४.२०

अवांतर आहे, पण नोंदणीचा मुद्दा वाचून राहवलं नाही. मी न्यू जर्सीत राहते. इथे ऑक्टोबर २०२१ पर्यंत घरच्या ओव्हनमधलं बिस्किट विकणं बेकायदा होतं. अमेरिकेतल्या राज्यांत आम्ही अगदी शेवटचे. त्याआधी गणेशोत्सवाच्या मंडळात मी नानकटाई "देणगी"वर द्यायचे, सगळ्यांना माहीत. आता दोन वर्षांला १०० डॉलर भरून परवाना मिळतो, वर्षाची विक्री ५०,००० डॉलरपर्यंत चालते, आणि पुड्यावर घरच्या स्वयंपाकघरात केलेलं आहे असं लिहावं लागतं. गंमत म्हणजे ते वाक्य वाचूनच देशी लोक जास्त घेतात.

तूप मात्र इथलं फेसून तरंगत नाही हो. की माझाच हात कमी पडतो?

भट्टीवाली
६ ऑक्टोबर, दुपारी १.०५

@एडिसनकर, तूप पातळ असेल. रवाळ, थिजलेलं घ्या, फ्रीजमधलं दगड झालेलं नको. अर्धा तास बाहेर, मग फेसायचं. पाणी गार असू दे.

@खारीटोस्ट, १७० वरून १५० आज केलं. दोन ट्रे. सासूबाईंनी एक उचलली, उलटी केली, तळ बघितला, काही बोलल्या नाहीत. दुसरी उचलली. आमच्याकडे याला पसंती म्हणतात.

उरलेल्याचं अजून उत्तर नाही. मोडकी नानकटाई आम्ही शेजारच्या आइस्क्रीमवाल्याला देतो, पण ती महिन्याला दोन-तीन किलो.

@उंडो, हा प्रश्न बोचला. स्टँडवरची टपरी बघितली होती, पण तिथे धूळ.

हिशोबनीस
६ ऑक्टोबर, रात्री ९.३०

ताई, यजमानांना माझा नमस्कार सांगा. वेबिल ही कल्पना मी माझ्या अशिलांना सांगणार आहे, नाव न घेता.

भावनेचं बाजूला ठेवू. भाडं ८,०००, दुकानात बसणारी मुलगी ७,०००, वीज-किरकोळ १,५००. महिना १६,५००. आज नानकटाई किती जाते आणि किलोला किती सुटतात?

भट्टीवाली
६ ऑक्टोबर, रात्री १०.१०

भाव ४८०. सगळं धरून, माझी मजुरीही धरून, खर्च ३०३ ते ३१२. तुपाचा दर हलेल तसा. सप्टेंबरच्या २२ तारखेपासून तुपावरचा जीएसटी १२ चा ५ झाला, पण आमच्या व्यापाऱ्याकडे जुना माल संपायचाय म्हणे.

हिशोबनीस
६ ऑक्टोबर, रात्री १०.४५

तो "जुना माल" दिवाळीनंतरही संपणार नाही, बिल मागा.

म्हणजे सुटतात ३५ टक्के. १६,५०० भागिले ३५ टक्के, ४७,००० ची विक्री दरमहा. पण ही *वाढीव* विक्री हवी. आज घरून नेणारी बाई उद्या दुकानातून नेऊ लागली तर तुम्ही तिच्याच पैशातून भाडं भरताय. नानकटाईत सांगायचं तर साधारण ९८ किलो जास्त, दिवसाला सव्वातीन किलो, पावसाळ्यातल्या सुन्या मंगळवारीसुद्धा.

आणखी तीन गोष्टी. ९०,००० महिना म्हणजे वर्षाला १०.८ लाख. २०२५ च्या नियमानं १२ लाखांच्या वर गेलात की १०० रुपयांची नोंदणी चालणार नाही, राज्य परवाना लागेल. दुकान काढलं की तुम्ही ती रेष ओलांडणारच, आधीच अर्ज करा. जीएसटीची ४० लाखांची मर्यादा अजून लांब आहे. बिस्किट-केकवरचा कर १८ चा ५ झाला त्याचा तुमच्या विक्रीशी संबंध नाही, मात्र मोठ्या कंपन्यांचे पुडे स्वस्त होतील, ते लक्षात ठेवा. तिसरं, विमा. छोट्या उद्योगांसाठी २०२१ पासून "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" म्हणून पॉलिसी आहे, तिच्यात पूर धरलेला असतो. ओव्हन आज विम्यात आहे का?

भट्टीवाली
६ ऑक्टोबर, रात्री १०.५२

नाही.

हिशोबनीस
६ ऑक्टोबर, रात्री १०.५३

उद्या सकाळी.

संकासूर
७ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

मी चिपळूणचाच, हे आता कबूल करतो. त्या बाजारपेठेत गाळे का रिकामे आहेत हे मला माहीत आहे. माझ्या काकांचं कापडाचं दुकान होतं. होतं. पूररेषा निळी की लाल (म्हणजे बांधकामाला बंदी की नुसत्या अटी) यावर गावात चार वर्षं चर्चा चाललीय, नदीतला गाळ काढला वगैरे ठीक, पण पाणी रेष विचारून येत नाही. ताई, तुम्ही एकदा कमरेपर्यंतचा अंदाज केला होतात. आता कितीचा करणार?

लोकल_८_१२
७ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

संकासूर, हे जरा लागेल असं लिहिलंत.

भट्टीवाली
७ ऑक्टोबर, दुपारी ३.००

लागलं नाही. तोच प्रश्न रोज रात्री पडतो, फक्त तो असा नीट शब्दांत कुणी विचारला नव्हता. जरा वेळ द्या. शंभर किलोची ऑर्डर आहे.

भट्टीवाली
१२ ऑक्टोबर, रात्री ११.४०

उशीर झाला, दिवाळीची गडबड. कालचं वेबिल ३८ किलो.

आधी विमा. काढला. ओव्हन, मिक्सर, पिशव्या बंद करायचं मशीन, कच्चा माल, सगळं यादी करून. राज्य परवान्याचा अर्जही भरला.

काल संध्याकाळी आम्ही दोघं गाळा बघायला गेलो. मालकांनी नवा रंग दिलाय, पिस्ता. छान दिसतो. ह्यांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि किल्लीनं कोपऱ्यातला रंग खरवडायला लागले. मालक म्हणाले, "अहो, काय करताय?" पोपड्याखाली मातकट रेघ होतीच. नऊ फूट दोन इंच. हे म्हणाले, "साहेब, हा टप्पा तुम्ही वेबिलात दाखवला नाहीत." मालक आधी चिडले, मग हसले, मग स्वतःच सांगत बसले की त्या दिवशी ते माळ्यावर कसे चौदा तास बसून होते, आणि खालून त्यांच्याच दुकानातली खुर्ची वाहत गेलेली त्यांनी कशी बघितली. चहा मागवला. भाडं ६,५०० वर आलं, अनामत ३०,०००.

घेतोय. पण दुकान म्हणून नाही. ओव्हन वरच राहणार. खाली वजनकाटा, घडीचं टेबल आणि पत्र्याचे डबे, बस्स. फ्रीज नाही, काचेची कपाटं नाहीत, त्यामुळे केक विचारायलाच जागा नाही. ह्यांनी घड्याळ लावून मोजलं, दोघांना सगळं उचलून रिक्षात भरायला पंचवीस मिनिटं लागतात. जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी डबे घरी. बरणीऐवजी डबा असल्यामुळे अर्धा आहे की भरलेला ते दिसत नाही, @खारीटोस्ट, तुमच्या प्रश्नाला ही पळवाट काढलीय. आणि उरलेली चौथ्या दिवशी भुगा करून त्यात खोबरं घालून लाडू, हे सासूबाईंचं. मी अजून खाऊन बघितलेले नाहीत.

हिशोब नवा: ६,५०० अधिक ७,००० अधिक १,५००, म्हणजे १५,०००. वाढीव विक्री ४३,००० हवी. एक वर्ष बघायचं. जमलं नाही तर गाळा परत.

@उंडो, चाकरमान्यांसाठी वेगळं करतोय. एसटीच्या पार्सलनं पुडे आधीच जातात, आता ह्यांच्या ओळखीनं स्टँडवरच्या एका वर्तमानपत्रवाल्याकडे शिमगा आणि गणपतीत पंधरा-पंधरा दिवस ठेवणार. तो पुड्यामागे वीस मागतोय. पंधरावर येईल.

दुकानाचा पत्ता-फोन नका विचारू, इथे जाहिरात नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खारीटोस्ट
१३ ऑक्टोबर, सकाळी ६.०५

लाडवात तूप परत घालू नका, नानकटाईत आधीच आहे. थोडं कोमट दूध पुरेल. पण मग त्याच दिवशी संपवा.

संकासूर
१३ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

रंग खरवडणारा कंडक्टर आवडला. त्या मालकांना मी ओळखतो, माळ्यावर त्यांच्यासोबत माझे काकाही होते.

दिवाळीला अर्धा किलो नानकटाई आणि दोन पुडे नाचणी लावून ठेवा. चिंचनाक्यावरनंच जातो मी. ६० टक्के आहे का ते बघतोच.